इटलीच्या कुरणात वन्संचे हात

आमच्या घरामागच्या रिकाम्या पागेत एक इटालियन चितारी राहायला आला, तेव्हा मला ठाण्यात सासरी येऊन जेमतेम एक पावसाळा झाला होता. मामंजी कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार होते. नोकरीत असताना त्यांच्याकडे घोडा होता. पेन्शन सुरू झाल्यावर घोडा विकला, पागा तशीच राहिली. भिंती दगडी, वर कौलं, आणि खाडीच्या बाजूला एक मोठं दार. त्या दारातून सकाळचा उजेड थेट आत यायचा. सासूबाई तिथे सरपण आणि नारळ ठेवत.

तलावाकाठच्या चर्चचे पाद्री मामंजींचे बुद्धिबळातले सोबती. ते वसईकडचे, मराठी आमच्यासारखंच बोलायचे. एका रविवारी दुपारी डाव अर्धा ठेवून ते मामंजींना म्हणाले, "एक काम होतं. मुंबईत एक इटलीचा माणूस आहे, नाटक कंपनीचे पडदे रंगवायचा. कंपनी मोडली. छाती बिघडलीय त्याची, डॉक्टरने शहराबाहेर राहायला सांगितलंय. चर्चमध्ये जागा नाही. तुमची पागा मोकळी आहे."

"माणूस कसा आहे?" मामंजींनी विचारलं.

"बोलतो फार. बाकी निरुपद्रवी."

मामंजींनी प्यादं सरकवलं आणि होकार दिला. सासूबाईंना हे रात्रीच्या जेवणाच्या वेळी कळलं. त्यांनी वाढता वाढता एवढंच विचारलं, की माझे नारळ आता कुठे ठेवायचे.

चितारी आला तो बैलगाडीतून, सामान मोजकंच: एक ट्रंक, लाकडी चौकटींचा भारा, आणि रंगांची पेटी. ती पेटी त्याने गाडीवानाला उचलू दिली नाही. पन्नाशीच्या आसपासचा असावा. उंच, खांद्यात वाकलेला, दाढी पिकलेली आणि बोटांच्या नखांत कायमचा निळा रंग. पहिल्याच सकाळी तो पागेच्या दारात उभा राहून खाडीपलीकडे बराच वेळ बघत राहिला. मग हसत हसत आत गेला. नंतर कळलं, की पलीकडच्या मिठागरांतले मिठाचे ढीग त्याला लांबून मेंढ्यांचा कळप वाटले होते.

त्याला हिंदुस्थानी येत होती, पण ती सगळी नाटकांतून शिकलेली. पडदे रंगवताना वर्षानुवर्षं तालमी कानांवर पडलेल्या. त्यामुळे साधं बोलणं त्याला जमायचंच नाही. विहिरीवर सासूबाई दिसल्या तेव्हा तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "ऐ मलिका, इस प्यासे मुसाफ़िर को एक कटोरा पानी अता हो."

सासूबाईंनी पदर पुढे ओढला आणि मला विचारलं, "काय म्हणतोय हा?"

"पाणी मागतोय."

"मग त्याला एवढं लांबण कशाला?" असं म्हणून त्यांनी मला कळशी दिली. पण त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून त्याच्यासाठी भात आणि बोंबलाचं कालवण पाठवलं. त्याचं ताट वेगळं, वाटी वेगळी. तो ती घासून पागेच्या पायरीवर उपडी घालून ठेवायचा. तो राहिला तोवर हे असंच चाललं. आम्हीही त्यात काही बदल केला नाही, आणि त्यानेही कधी वाईट वाटल्याचं दाखवलं नाही.

घरात आम्ही पाचजण. मामंजी, सासूबाई, माझे यजमान, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. बाराव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तिशी ओलांडून गेल्या होत्या. घर त्यांच्यावर चालायचं. लोणच्याची बरणी कुठली आधी संपवायची, कोणत्या गाईला काय चारायचं, मामंजींचं औषध कधी, सगळं त्यांना ठाऊक. पण त्यांना कोणी काही विचारायचं नाही. आज काय करायचं हे सासूबाई सांगायच्या, कुठे जायचं हे मामंजी ठरवायचे. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. त्या अशा कडेला पडल्या होत्या, की विचारायचं कोणाच्या मनातच येत नसे.

दुपारची कामं आटोपली की वन्सं मागच्या अंगणात फणसाखाली बसून टकळीवर सूत काढायच्या. जानव्यांना, देवाच्या वातींना, आणि मला वाटतं काही नसलं तरी. डाव्या हातात कापसाचा पेळू, उजव्या हाताच्या बोटांनी टकळीला गिरकी, मग ती फिरत फिरत खाली जायची आणि हातातून सूत निघत राहायचं. त्यांच्याशी बोलायला मला तीच वेळ मिळायची. त्या मला वहिनी म्हणायच्या, आणि वयाने एवढ्या मोठ्या असून माझ्याशी अगदी बरोबरीने बोलायच्या.

चितारी तेव्हा एका मोठ्या चित्राच्या मागे होता. मुंबईतल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याने नवा बंगला बांधला होता, त्याच्या दिवाणखान्यासाठी इटलीचा देखावा हवा होता. कापड म्हणून त्याने बंदरावरून शिडाचं जाड कापड आणलं, ते चौकटीवर ताणून त्यावर खळ चढवली. त्यानंतर आमच्या अंगणात जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास येऊ लागला. तो वास मला आवडायचा. सासूबाई नाकाला पदर लावायच्या.

मी आणि वन्सं केर टाकायला जाताना पागेत डोकावायचो. चित्र हळूहळू भरत होतं. मागे करडे डोंगर, आमच्या पारसिकच्या डोंगरापेक्षा बोडके. त्यांच्या पायथ्याशी एक पडका दगडी पूल आणि खालून वाहणारी बारीक नदी. पुढे गवताचं कुरण, त्यात मेंढ्या आणि चार-दोन शेळ्या. उजव्या बाजूला एक पसरलेलं झाड. त्या झाडाखालची जागा मात्र रोज वेगळी दिसायची. कधी तिथे एक बाई असायची, कधी नुसता तपकिरी डाग. तो रंगवायचा आणि सुरीने खरवडून काढायचा. तो खरवडण्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

शेळ्या त्याने इथल्याच पाहून काढल्या होत्या. खाडीकाठच्या गावातली एक आगरीण आमच्याकडे दूध घालायची, तिच्या शेळ्या तो अंगणात बांधून घ्यायचा. एकदा ती चित्र बघायला गेली आणि बराच वेळ बघून म्हणाली, "ही माजीच बकरी हाय ना? मंग कान कुठं गेलं तिचं?" आमच्याकडच्या शेळ्यांचे लांब लोंबते कान त्याने आखूड करून टाकले होते. त्याच्या गावच्या शेळ्यांचे कान तसेच होते म्हणे. ती बाई पुढे कितीतरी दिवस शेळीचे कान चाचपून बघायची आणि हसायची.

एके दिवशी दुपारी चितारी पागेतून बाहेर आला आणि दारातच थबकला. वन्संचं लक्ष नव्हतं, त्या कातत होत्या. तो बघत राहिला. मी पुढे होऊन विचारलं, काही हवंय का? तो तसाच आत गेला आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी तो ओटीवर मामंजींसमोर उभा होता, टोपी हातात. त्या दिवशी नाटकी भाषा बाजूला ठेवून, शब्द शोधत शोधत त्याने सांगितलं. झाडाखालची बाई म्हणजे त्याची आई. ती मेंढ्या राखताना लोकर कातायची. तो घर सोडून आला त्याला तीस वर्षं होत आली, ती वारलीही. डोंगर आठवतात, पूल आठवतो, पण तिचे हात काही केल्या आठवत नाहीत. "आपकी बेटी का हाथ," तो म्हणाला, "बिलकुल वैसा चलता है. हुकूम हो तो सिर्फ़ हाथ बनाएगा."

मामंजींनी त्याला उद्या या म्हणून सांगितलं.

त्या रात्री आमच्याकडे जेवण उशिरा झालं. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "परका पुरुष, परका धर्म. आणि आपली पोर विधवा. उद्या कोणी बोललं तर काय सांगायचं?" यजमान म्हणाले, हात तर काढायचेत. सासूबाई म्हणाल्या, हाताला माणूस असतं. मामंजींनी दोघांचं ऐकून घेतलं. मग त्यांनी जे केलं ते त्या घरात त्याआधी मी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि वन्संना हाक मारली.

"तू ऐकलंस. तुला काय वाटतं?"

वन्सं दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. मला वाटलं त्या म्हणतील, तुम्ही म्हणाल तसं. तेच म्हणायची सवय होती.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

त्यांनी खरोखरच विचार केला. पुढचे काही दिवस त्या नेहमीची सगळी कामं करत होत्या, पण मधेच थांबायच्या. मी एकदा विचारलं, "वन्सं, भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "भीती नाही गं. मला कोणी विचारलंय, तर घाईने कशाला उत्तर देऊ?" मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

शेवटी एका सकाळी मामंजींना चहा देताना त्यांनी सांगितलं. "बसेन. पण पागेत नाही, अंगणात, सगळ्यांच्या देखत. वहिनी जवळ असेल. आणि चेहरा काढायचा नाही."

मामंजींनी मान हलवली. सासूबाई उठून मागच्या पडवीत गेल्या.

अशी ती बैठक सुरू झाली. थंडीचे दिवस होते. उन्हं अंगणात आली की चितारी आपली चित्राची तिकाटी फणसाजवळ मांडायचा, वन्सं नेहमीच्या जागी बसायच्या आणि मी शेजारी काही निवडत किंवा शिवत. पहिल्या दिवशी वन्संचं सूत सारखं तुटत होतं. चितारी तिकडे न बघता आपल्या शेळ्यांच्या गोष्टी सांगत बसला. दुसऱ्या दिवशी तुटणं कमी झालं, आणि मग त्या विसरूनच गेल्या.

त्यांच्यात बोलणं कसं व्हायचं याचं मला आजही नवल वाटतं. वन्सं मराठीतून विचारायच्या, तो नाटकी हिंदुस्थानीत उत्तर द्यायचा, अडलं तर मी अंदाजाने जोडून द्यायची. त्यांनी त्याला काय काय विचारलं. तुमच्याकडे पाऊस किती दिवस पडतो? मेंढ्यांना रोग पडला तर काय देतात? चुलीत लाकूड कुठलं? बायका पाणी कुठून आणतात? त्याच्या गावात हिवाळ्यात नदी गोठते हे ऐकून त्यांनी टकळी थांबवली आणि विचारलं, "मग मासे?" मासे खाली असतात, असं त्याने हाताने दाखवलं. त्या दिवशी दिवसभर त्यांच्या डोक्यात ते मासे होते. रात्री पोळ्या लाटताना म्हणाल्या, "वर एवढा बर्फ, आणि खाली हिंडतात बघ." ठाणं, कल्याण आणि एकदा नाशिक, याखेरीज त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं.

हात जमत होते. ते चित्रात उतरताना मी पाहिले. पेळूची पकड, अंगठ्याशेजारचं बोट किंचित उचललेलं, मनगटावरची शीर. बांगड्या नसलेले हात. पण त्यांच्या वरची जागा रिकामीच होती. चेहरा तो स्वतःच्या आईचा काढणार होता, आणि तो येत नव्हता. पुन्हा खरवडणं सुरू झालं.

एका सकाळी त्याने सुरी खाली ठेवली आणि फणसाच्या बुंध्याला टेकून बसला. खोकल्याची उबळ येऊन गेली होती. वन्संनी विचारलं, "तुम्ही घर सोडलंत तेव्हा आई काय म्हणाली?"

"कुछ नहीं," तो म्हणाला. "हम बोला, माँ, जाता हूँ. वो झाड़ के नीचे बैठी थी. सूत कातती थी. ऊपर नहीं देखा." मग म्हणाला, "एक बार भी नहीं देखा. हम पुल तक गया, पीछे मुड़ा. सिर नीचे. तीस बरस हुआ, हमको वो याद आता है तो ग़ुस्सा आता है."

वन्सं कातत राहिल्या. त्यांना समजलं की नाही असं वाटून मी सांगायला लागले, तर त्यांनी मान हलवली.

"मला कळलं. त्यांना सांग, तिने वर बघितलं असतं तर तिला धीर राहिला नसता. म्हणून बघितलं नाही." मग टकळीला नवी गिरकी देत, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी परत आले ना, त्या दिवशी गाडी दारात थांबली. आई इथे पडवीत तांदूळ निवडत होती. मी समोर येऊन उभी राहिले. तिने वर नाही बघितलं. मलाही पुष्कळ वर्षं वाटायचं, की मी नकोशी झाले. आता नाही वाटत."

हे मी चितारीला कसं सांगितलं ते आठवत नाही. तोडकंमोडकं काहीतरी सांगितलं असेन. तो ऐकत होता आणि वन्संच्या खाली झुकलेल्या डोक्याकडे बघत होता. मग उठून पागेत गेला.

तेव्हा माझं लक्ष पडवीकडे गेलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात रिकामं सूप. त्या किती वेळ तिथे होत्या कोण जाणे. त्या आत वळल्या.

दुपारी जेवणं झाल्यावर त्या खोबरेल तेलाची वाटी घेऊन मागे आल्या. आमच्यात विधवेचे केस काढायची सक्ती नव्हती, पण तिने तेल-फणीकडे फार बघू नये असा रिवाज होता. वन्सं केसांची नुसती गाठ मारायच्या. सासूबाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ये इकडे. केस बघ कसे झालेत."

वन्सं खालच्या पायरीवर बसल्या. सासूबाईंनी तेल चोळायला सुरुवात केली. मी उठून जाणार होते, पण सासूबाईंनीच बस म्हणून खूण केली.

"त्या दिवशी मी तेच तांदूळ परत परत निवडत होते," त्या म्हणाल्या. "एकही खडा नव्हता त्यात. तुझे पाय दिसत होते मला. वर बघितलं असतं तर मी मोठ्याने रडले असते, आणि तुझे मामा, काका, सगळे ओटीवर बसलेले. मला वाटलं, आईच अशी कोलमडली तर पोरीने कोणाकडे बघायचं."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तू विचारलं नाहीस."

सासूबाईंनी मान खाली घातली आणि फणी हातात घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्या विळी आणि भाजीची परडी घेऊन अंगणातच बसू लागल्या.

चित्रातली बाई त्या आठवड्यात पुरी झाली. त्याने तिला चेहरा दिलाच नाही. डोक्यावरचं फडकं पुढे आलेलं, मान खाली, नजर सुतावर. नाकाची एक रेघ आणि गालावर पानांतून आलेला उजेड, एवढंच. पण ती कोणासाठी तरी मुद्दाम खाली बघते आहे, हे बघणाऱ्याला कळत होतं. निदान आम्हा तिघींना कळत होतं.

तोवर बोभाटा कल्याणपर्यंत पोचला होता. कल्याणला आमचे चुलत सासरे असायचे, जातीत वजन असलेले. एका दुपारच्या गाडीने ते आले. ओटीवर बसून पाणी प्यायले, पावसापाण्याचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले.

"दादा, कानांवर येतंय ते खरं आहे का? घरातल्या विधवेला गोऱ्यासमोर बसवता?"

"अंगणात बसते. तिची आई शेजारी असते," मामंजी म्हणाले.

"लोक तसं म्हणत नाहीत."

"लोकांना अंगण दिसत नाही. तुम्हाला दाखवतो, चला."

ते उठले नाहीत. म्हणाले, "आपल्या घराण्याची रीत—"

तेवढ्यात आतून सासूबाई बाहेर आल्या. या चुलत दिरासमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या. पदर डोक्यावर घेऊन, दाराआड अर्ध्या उभ्या राहून त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीचे हात आहेत ते. दळायला चालतात, शेण सारवायला चालतात, तुमच्याकडच्या लग्नात शंभर पानांचा स्वयंपाक करायला चालले. कोणी चित्रात काढले तर काय झिजणार आहेत?"

चुलत सासरे संध्याकाळच्या गाडीने परत गेले. पुढे त्यांच्या नातवाच्या मुंजीचं आमंत्रण आम्हाला आलं नाही, आणि वर्ष-दीड वर्ष त्या घराशी जाणं-येणं बंद होतं. मामंजींना ते लागलं, कारण दोघे एकत्र वाढले होते. पण त्यांनी वन्संना त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही.

उन्हाळा लागता लागता मुंबईहून व्यापारी चित्र बघायला आले. सभ्य गृहस्थ होते, येताना आमच्यासाठी मिठाई आणली. चित्र पागेच्या दारात उजेडाला ठेवलं होतं. ते मागे-पुढे होऊन बघत राहिले. डोंगर आवडले, नदी आवडली, शेळ्या तर फारच.

"पण साहेब, बाई मेन जागेवर बसलीय आणि तोंड कुठे आहे तिचं?" त्यांनी विचारलं. "पाहुणे येणार, बघणार. एक छान तोंड काढा. तुमच्या पडद्यावरची परी होती ना, तशी."

चितारी म्हणाला, "सेठ, परी दूसरी तस्वीर में बनाएगा. ये औरत ऊपर नहीं देखेगी."

त्यांनी समजावलं, पण तो बधला नाही. तसं भांडण झालं नाही. व्यापाऱ्यांनाही त्याच्या हातचं काम हवंच होतं. चितारीने दुसरं कापड ताणलं आणि थोड्याच दिवसांत एक देखावा रंगवून दिला. तेच डोंगर, तोच पूल, आणि झाडाखाली गुलाबी गालांची, दात दाखवणारी मुलगी. व्यापारी खूश झाले. सासूबाईंनाही ते दुसरं चित्र जास्त आवडलं होतं, हे मी इथे सांगून टाकते.

चितारीची छाती मात्र सुधारली नाही. पावसाळा त्याला झेपणार नाही असं पाद्रींनी आणि डॉक्टरांनी ठरवलं आणि एका इटालियन आगबोटीवर त्याची सोय केली. जायच्या आदल्या दिवशी त्याने पहिलं चित्र अंगणात आणून ठेवलं आणि वन्संना म्हणाला, "ये आपका है."

वन्सं चित्राजवळ गेल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच त्याच्या एवढ्या जवळ उभ्या होत्या. हातांकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. नदीकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, मग त्या खाली बघणाऱ्या बाईकडे.

"मला नको," त्या म्हणाल्या. "ती तुमची आई आहे. तिला घरी घेऊन जा."

"और हाथ?"

"हात राहू देत तिच्याकडे. माझे माझ्याकडे आहेतच."

मी हे सांगितलं तेव्हा तो मोठ्याने हसला आणि मग त्याला खोकला आला. सासूबाई म्हणाल्या, "आता हिचे हात समुद्रापलीकडे चालले. कल्याणकरांना कळवा, प्रायश्चित्त किती ते सांगतील." त्या विनोद करतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चितारीने चौकटीचे खिळे काढले, कापड गुंडाळलं आणि जुन्या धोतरात बांधलं. ते धोतर मामंजींचं होतं.

तो गेल्यावर पागा पुन्हा रिकामी झाली. सासूबाई नारळ परत तिथे नेऊन ठेवणार होत्या. वन्सं म्हणाल्या, "आई, नारळ आहेत तिथेच राहू देत. ती खोली मला हवीय." कशाला, असं मामंजींनी विचारलं, रागाने नव्हे. "वहिनीकडून वाचायला शिकायचंय. स्वयंपाकघरात धूर फार होतो." वन्संना आणखी कारणं द्यावी लागली नाहीत. मामंजींनी दुसऱ्याच दिवशी भिंतींना चुना लावून घेतला.

आम्ही दोघी दुपारी तिथे बसायचो. माझे वडील मुलींना शिकवावं अशा मताचे होते, त्यामुळे मला वाचता यायचं. वन्सं अक्षरं सावकाश शिकल्या. जोडाक्षरांवर फार चिडायच्या. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या मामंजींचं वर्तमानपत्र त्यांच्या आधी घेऊन बसू लागल्या, आणि एकदा बुद्धिबळ चालू असताना पाद्रींना त्यांनी दारातूनच विचारलं, की इटलीतला राजा वारला असं कुठे छापलंय, तो त्या चितारीच्या गावचाच का? पाद्री म्हणाले, "बाई, देश एक आहे, पण गाव लांब असेल."

दोन-तीन वर्षांनी यजमानांची बदली कल्याणच्या मामलेदार कचेरीत झाली आणि आम्ही तिकडे बिऱ्हाड केलं. चुलत सासऱ्यांशी तोवर पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. मी वन्संना म्हटलं, तुम्ही आमच्याबरोबर या. त्या म्हणाल्या, "मी आले असते गं. पण इथे दुपारी चार मुली येतात आता शिकायला. त्यांना मधेच कशी सोडू?" मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

त्यानंतरच्या नवरात्रात मी ठाण्याला सासरी आले होते. पहिला मुलगा कडेवर होता. दुपारची वेळ. पाद्री आले, पण त्यांनी पट मागितला नाही. ओटीवर बसून त्यांनी मामंजींना सांगितलं, की इटलीहून निरोप आला आहे. चितारी आपल्या गावी सुखरूप पोचला होता. भावाच्या घरी राहिला, उन्हाळ्यात मेंढ्यांबरोबर डोंगरावरही जायचा म्हणे. त्या चित्राला भावाच्या बायकोने चुलीपासून लांब, चांगली जागा दिली होती. गावातली म्हातारी माणसं येऊन बघून गेली, आणि ही अमक्याची आईच, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. मागच्या हिवाळ्यात तो वारला.

वन्सं आतल्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकून झालं तशा त्या वळल्या, दोरीवरचं कोरडं लुगडं घेतलं आणि मागे विहिरीकडे गेल्या. सासूबाईंनी हातातलं काम ठेवलं, त्यांच्यामागे गेल्या आणि काही न विचारता रहाट ओढू लागल्या. डोक्यावर पाणी पडल्याचा आवाज ओटीवर येत होता.

पाद्रींनी मामंजींकडे पाहिलं.

"दूरचं कोणी नात्यातलं गेलं, की आमच्यात अंघोळ करतात," मामंजींनी सांगितलं.

मी मुलाला पाद्रींच्या मांडीवर दिलं आणि मीही मागे अंघोळीला गेले.